सगळ्यांचे दोनच मासे

मासे मोजून वहीत लिहायची खोड मला वडिलांनी लावली. ते साताऱ्याला कचेरीत कारकून होते आणि रविवारी कृष्णेवर गळ टाकून बसायचे. आम्ही दोघी बहिणीच. त्यातली धाकटी पाण्याला भ्यायची म्हणून मला न्यायचे. आई म्हणायची, "पोरीला हे कसले धडे? उद्या सासरी काय सांगेल?" सासरी काही सांगायची वेळ माझ्यावर आली नाही, तो भाग निराळा. घरी येऊन हातपाय धुतले की वडील मला तीन प्रश्न विचारायचे. किती, कुठं, कशावर? सगळं शेजारी बसून पाहिलेलं असायचं, तरी विचारायचे आणि मी सांगेन ते लिहायचे. निसटलेला मासासुद्धा लिहायचे, 'निसटला' असा शेरा मारून. एकदा चार धरले असताना मी पाच सांगितले, तर लेखणी खाली ठेवून माझ्याकडे नुसते बघत बसले. त्यानंतर माशांच्या बाबतीत मी कधी खोटं बोलले नाही. इतर बाबतीत बोललेय.

ते गेले तेव्हा त्यांची चालू वही निम्मी कोरी होती. मी नुकताच नर्सचा कोर्स संपवला होता. साठ-एकसष्ट साल असेल. पहिली नेमणूक खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठच्या एका गावी मिळाली. ट्रंकेत दोन पांढरी पातळं, एक स्टोव्ह, वडिलांचा गळाचा डबा आणि ती निम्मी वही, एवढं घेऊन मी एस.टी.तून उतरले. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत औषधं आणि बाळंतिणीची खाट, मागच्या खोलीत मी. मागचं दार उघडलं की समोर नदीची पायवाट.

गाव वाईट नव्हतं, हे आधीच सांगते. भातशेती करणारी, कष्टाची माणसं. कोणाची बायको अडली की बैलगाडी दारात हजर, आणि बाळ रडलं की गूळ-खोबरंही हजर. पण काम झालं की सगळे उठून जायचे. "बाई, येतो" म्हणायचे आणि जायचे. माझ्याकडे नुसतं बसायला असं कोणी आलं नाही. मी तरी का कोणाच्या ओट्यावर जाऊन बसले नाही, असं आता वाटतं. पण तेव्हा मी तरुण होते, सरकारी होते, आणि वर साताऱ्याची होते. नाकाच्या शेंड्यावर राग आणि त्याच्या वर चष्मा. संध्याकाळी एकटीसाठी मसाला वाटताना कधीकधी पाटा-वरवंटा बाहेर फेकून द्यावासा वाटायचा. एकटेपणाची मला भीती नव्हती, कंटाळाही नव्हता. मला कोणी काही विचारत नाही, एवढंच सलायचं. बायका विचारायच्या त्या दुखण्याबद्दल. तालुक्याचे डॉक्टर विचारायचे ते रजिस्टरबद्दल. आज काय झालं, हे कोणी विचारायचं नाही.

म्हणून मी नदीवर जाऊ लागले. त्याचा गावाला पहिले दोन महिने मोठा अचंबा. इथल्या बायका पाण्यात उतरून टोपलीनं, लुगड्याच्या पदरानं मासे धरायच्या, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. पण बाईमाणसानं काठी घेऊन नुसतं बसायचं? आम्ही गळ म्हणतो त्याला इकडे गरी म्हणतात, आणि डोहाला कोंड. मी मोरपिसाच्या देठाचा तरंगा करायची, कणकेत हळद मळून गोळ्या लावायची. संध्याकाळी परत येऊन दिवा लावायची आणि वही उघडून स्वतःच्याच तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. वडिलांच्या अक्षराखाली माझं अक्षर सुरू झालं. मधे एक ओळही सोडली नाही.

ही नदी कृष्णेसारखी नव्हती. वर खोपोलीला डोंगरातून नळानं पाणी उतरवून वीज करतात, तेच पाणी खाली नदीत येतं. त्यामुळं ऐन वैशाखातही वाहती. मात्र रविवारी मुंबईच्या गिरण्या बंद, म्हणून वीज कमी, म्हणून आमच्याकडे पाणी कमी. शनिवारी गुडघाभर असलेलं पाणी रविवारी घोट्याला लागायचं. मला पहिल्या महिन्यात कोणी हे सांगितलं नाही. मी चार रविवार कोरडी परत आले आणि वहीत कारण म्हणून 'हवा?' असं लिहिलं.

नदीवर माझ्या कोंडीच्या वरच्या अंगाला, वळणापलीकडे, एक काका बसायचे. पन्नाशीचे, रोड, डोक्याला कायम टॉवेल. सकाळी शेत, संध्याकाळी गरी. एका कोंडीवर दोघांनी बसायचं नाही अशी तिथली रीत होती, त्यामुळं त्यांना मासा लागताना मी कधी पाहिलं नाही. परतताना मात्र वाट एकच, माझ्या मागच्या दारावरून जाणारी. त्यांच्या कमरेच्या टोपलीवर नेहमी पळसाची पानं नाहीतर करंजाची डहाळी झाकलेली. पहिल्या दिवशी मी विचारलं,

"काका, किती मिळाले?"

ते थांबले. टोपलीवर हात ठेवला आणि म्हणाले, "दोन."

"कशावर?"

"गांडुळावं."

मी घरात गेले आणि वहीच्या उजव्या पानावर लिहिलं: काका, दोन, गांडूळ. तोवर डावं-उजवं असं काही नव्हतं. त्या दिवसापासून डावं पान माझं आणि उजवं इतरांचं. कारण काकांसारखे आणखी सात-आठ जण त्या वाटेनं जायचे, आणि मी सगळ्यांनाच विचारू लागले. विचारायला बरं वाटायचं. दारात उभं राहून कोणाशी तरी दोन शब्द बोलायला मिळायचे, आणि तेही दुखण्याबद्दल नाही.

आता सांगायची गोष्ट अशी, की सगळे दोनच सांगायचे. आज दोन, उद्या दोन, एखाद्या दिवशी "नाय काय, दोनच". वर्षभरात उजव्या पानांवर दोनांच्या रांगा लागल्या. हसू नका. मला त्याचं आश्चर्य वाटलं, पण संशय आला नाही. मी माझ्या मनानं त्याचा अर्थ लावला. ही माणसं नदीची जुनी सोबती, गरजेपुरतं घेतात आणि उठतात, एक घरातल्यांना आणि एक शेजाऱ्याला. मी बहिणीला साताऱ्याला तसं पत्रही लिहिलं. 'काय समाधानी लोक आहेत, नाहीतर आपण!' मला स्वतःची लाज वाटू लागली. माझ्या डाव्या पानावर सहा, नऊ, एकदा तर चौदा खवल्या मासे. मग मीही दोन ठेवून बाकीचे पाण्यात सोडायला सुरुवात केली. वहीत 'धरले आठ, ठेवले दोन' असं लिहायची आणि गावातली झाल्यासारखं वाटायचं.

काकांची बायको एकदा बोटं फाटली म्हणून मलम न्यायला आली. पाचही बोटांना बारीक चिरा, आत मीठ गेल्यासारखी आग होत होती.

"कशानं झालं?" मी विचारलं.

"माशे साफ करून. शिंगटीचा काटा लय वायट."

"दोन माशांनी एवढं?"

ती माझ्याकडे बघून खुदकन हसली. चांगली हसली, तोंडाला पदर लावून. मला वाटलं, पट्टी बांधताना गुदगुल्या झाल्या असतील. मी तिला नेटकी पट्टी बांधली आणि दोन दिवस पाण्यात हात घालू नको म्हणून दरडावलं.

अशी वर्षं गेली. बदलीचा अर्ज मी दोनदा केला आणि दोनदा मागं घेतला. वह्या तीन झाल्या, चार झाल्या. जन्माचं रजिस्टर सरकारी होतं, ते भरलं की तालुक्याला जायचं. माशांची वही माझी होती. काकांची बायको मधेच वारली. दोन दिवस मी तिच्याजवळ बसून होते, तिसऱ्या दिवशी तिला पनवेलला न्यायचं ठरलं आणि त्याच पहाटे ती गेली. तेरावं झाल्यावर काका परत नदीवर यायला लागले. मी मागच्या दारातून विचारलं, "किती, काका?" ते म्हणाले, "दोन," आणि नेहमीसारखे गेले. त्यांच्या चालीत काही फरक पडला होता का, ते मी पाहिलं नाही. मी आकडा लिहीत होते.

मग नदी बिघडली. वरच्या अंगाला कारखाने आले होते, एकामागून एक. आधी पाण्यावर साबणासारखा फेस दिसू लागला, मग कुजक्या कोबीसारखा वास. एका चैत्रात सकाळी उठून दार उघडलं तर काठाला वाम आणि मरळ पांढऱ्या पोटांनी आडव्या पडलेल्या. म्हशी पाणी पिईनात. बायकांच्या हातापायांना खाज सुटायची, त्या माझ्याकडे यायच्या आणि मी कॅलामाइन संपेस्तोवर द्यायची. माझ्या डाव्या पानावर नऊचे पाच झाले, पाचाचा एक झाला, मग आठवडेच्या आठवडे 'काही नाही'. काठी घेऊन मी तरीही जायची. त्या वासात बसवायचं नाही, नाकाला पदर लावून बसायची. वहीत खाडा पडू द्यायचा नाही, एवढंच डोक्यात. उजव्या पानावर काका, आणि आणखी दोघं-तिघं उरलेले, त्यांचे दोन-दोन चालूच होते. मला वाटलं, अनुभवी माणसं, त्यांना जमतं.

गावानं अर्जांवर अर्ज केले. शेवटी जिल्ह्याहून एक साहेब येणार असं कळलं. सरपंच स्वतः माझ्याकडे आले, आणि पहिल्यांदाच, मला आठवतंय, कोणाचं दुखणं न घेता आले. ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडं वह्या हाईत ना माशांच्या? सायबाला पुरावा पायजे. नदीत माशे व्हते आन आता नाय, हे आमी बोलून काय उपेग? तुमचं लिवलेलं हाय."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहा विचारायलाच विसरले. चौदा वर्षांत गावाला माझ्या वहीची गरज पडली होती! दोन दुपारी बसून मी कागदावर तक्ता आखला. साल, महिना, माझे मासे, इतरांचे मासे. लाल शाईनं ओळी मारल्या. उजवीकडं सगळे दोन पाहून मला क्षणभर अवघडल्यासारखं झालं, नाही असं नाही. पण आकडे बदलणं माझ्या रक्तात नाही. आहे तसं उतरवलं.

शाळेच्या खोलीत बैठक भरली. पोरांना सुट्टी दिली होती. साहेब मास्तरांच्या खुर्चीत बसले, गावकरी पोरांच्या पाटांवर. साहेब माणूस उर्मट नव्हता. त्यानं माझा तक्ता हातात घेतला, चष्मा वर केला, बोट फिरवत खालपर्यंत वाचला आणि मग गोंधळून वर पाहिलं.

"बाई, हे काय आहे? तुमचे मासे कमी झालेत, ते दिसतंय. पण बाकी गावाचे? पहिल्या वर्षी माणशी दोन, पाचव्या वर्षी दोन, गेल्या महिन्यात दोन. म्हणजे नदीला काही झालंच नाही. तुम्ही गळ बदला."

त्यांच्याबरोबर आलेला कारकून हसला. पाटांवरचं कोणी हसलं नाही. सगळे जमिनीकडे बघू लागले. सरपंच उठले आणि चाचरत म्हणाले, "तसं नाय सायेब. आमच्यात ते बोलायची पद्धत हाय. ते दोन म्हंजी खरं दोन नाय—"

"खरं नाही? म्हणजे वहीत खोटं लिहिलंय?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. सरपंच काय सांगतायत ते ऐकायला हवं होतं. पण 'खोटं' हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात सणक गेली. मी ताडकन उभी राहिले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "माझ्या वहीतला एकही आकडा खोटा नाही. ज्यानं जो सांगितला तो त्याच संध्याकाळी लिहिलाय. विचारा कोणालाही."

साहेबांनी विचारलं. समोर पहिल्या पाटावर काकाच बसले होते.

"काय हो काका, काल गेला होतात नदीवर? किती मिळाले?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे, मग कारकुनाकडे. त्यांचा हात आपोआप कमरेला गेला, जिथं टोपली नव्हती तिथं. आणि खाली बघत ते म्हणाले, "दोन."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर चिंचेखाली सरपंचांनी मला समजावलं. रागावून नाही, मी लहान पोर असल्यासारखं. नदीच्या वाटेवर खरा आकडा कोणी बोलत नाही. एक म्हटलं तर हिणवून घेतल्यासारखं होतं, तीन म्हटलं तर नजर लागते. म्हणून दोन. विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं, सांगणाऱ्यालाही. टोपलीत वीस असोत की काही नसो. पानं त्यासाठीच. खरा आकडा घरात, चुलीपुढं, जी मासे साफ करते तिला सांगायचा. "आमाला वाटलं तुमाला म्हाईत हाय," सरपंच म्हणाले. "चौदा वर्सं इचारताय. आमाला वाटलं, बाई आपल्या रीतीनं इचारतायत."

काकांच्या बायकोचं हसणं मला त्या चिंचेखाली समजलं.

आठ-दहा दिवस मी नदीकडे फिरकले नाही. मागचं दारही उघडलं नाही. मला लाज वाटत होती, कारण गावाचं काम माझ्या तोंडानं बिघडलं होतं. साहेबाच्या अहवालात माझाच तक्ता लागणार होता. पण लाजेपेक्षा मोठा होता तो राग, आणि रागाच्या खाली जे होतं ते सांगते. या गावातली अर्धी पोरं माझ्या हातांत पहिल्यांदा रडली. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत हे तिच्या सासूच्या आधी मला कळायचं. कोणाचा नवरा मारतो, कोणाचं पोट कशानं दुखतं, सगळं ठाऊक. आणि चौदा वर्षांत एकाही माणसानं मला आपल्या माशांचा खरा आकडा सांगितला नव्हता. मी दारात उभी राहून विचारत होते आणि ते मला वाटेवरच्या परक्याला द्यायचं उत्तर देऊन पुढं जात होते. मी चौदा वर्षं वाटेवरच होते. त्या आठवड्यात मी खूप रडले. पुढच्या खोलीत कोणी आलं की तोंड धुऊन बाहेर यायची आणि इंजेक्शन द्यायची.

वह्या जाळाव्यात असंही मनात आलं. स्टोव्हपाशी नेल्याही. पण पहिल्या वहीच्या निम्म्या पानांवर वडिलांचं अक्षर होतं.

त्यानंतर एका संध्याकाळी मागच्या दारावर थाप पडली. पुढचं दार उघडं असताना मागून कोणी यायचं नाही. मी कडी काढली. काका उभे होते. ते आत आले, विचारल्याशिवाय, आणि चुलीच्या जागी माझा स्टोव्ह होता त्याच्यापुढं उकिडवे बसले. कमरेची टोपली सोडून माझ्यापुढं ठेवली आणि वरची पळसाची पानं एक-एक करून बाजूला काढली.

टोपली रिकामी होती. तळाला थोडा ओला चिखल.

"नाय," ते म्हणाले. "आज एक बी नाय. काल बी नवता. त्या सायबाला सांगितलं तवा बी नवता. होळीपासून नाय गं बाय."

चौदा वर्षं त्यांनी मला 'तुमी' म्हटलं होतं.

 त्यांनी वहीकडे बोट दाखवलं. "लिव."

मी लिहिलं. उजव्या पानावर, दोनांच्या रांगेखाली पहिलं शून्य. 

"हिला सांगायचो," ते म्हणाले. हिला म्हणजे बायकोला. "ती गेल्यापासून कोनालाच सांगितलं नाय. सून साफ करते, पन तिला सांगायचं म्हंजी… तिला घाई असते." मग थोडा वेळ टोपलीच्या काठावर बोट फिरवत राहिले. "मोजून काय व्हतं, ते मला काय कळत नाय. आमी नाय मोजलं, नदी काय त्यामुळं गेली?"

"मोजलं असतंत तर कधी गेली ते तरी कळलं असतं," मी म्हणाले. माझा स्वभावच तसा. रडतानाही वाद घालते.

"कळून? तुझं तर लिवलेलं व्हतं. काय केलं तुझ्या वहीनं?"

मी उठून स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं.  पुढं मला कळलं की शहरात गळ टाकणाऱ्यांची मंडळं असतात आणि मासे मोजावेत की मोजू नयेत यावर ते आपसात वाद घालतात. मोजल्यानं हाव वाढते म्हणणारे एका बाजूला, न मोजल्यानं नदी मरते म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मला कोणी विचारलं तर सांगेन, की मोजा, जरूर मोजा. पण दारात उभं राहून विचारू नका. त्या माणसाच्या चुलीपर्यंत जाता येत असेल तरच विचारा, नाहीतर स्वतःपुरती वही ठेवा. मी त्याच्यापलीकडे शहाणी झाले नाही.

साहेबाचा अहवाल गेला तो गेला. नदीचं काही झालं नाही. काका मात्र रोज येऊ लागले. मागच्या दारानं, पानं काढून, टोपली दाखवून. "नाय," म्हणायचे, आणि मी शून्य लिहायची. मग चहा. माशांचं बोलणं तेवढंच. मग भाताचं, गुडघ्याचं, बायको कशी शिंगटीचं कालवण करायची त्याचं. मासे नसताना नदीवर का जाता, असं मी एकदा विचारलं. "मंग करू काय?" ते म्हणाले. मीही अधूनमधून माझ्या कोंडीवर जाऊन बसायची, ते वळणापलीकडे, मी इकडे, मधे फेस. दोन वर्षं उजव्या पानावर शून्यं आहेत. डाव्या पानावरही. त्या दोन वर्षांइतकं भरलेलं घर माझं कधी नव्हतं.

मग बदलीचा हुकूम आला. कर्जत तालुक्यात, कडावच्या बाजूला. या वेळी मी अर्ज केलेला नव्हता. माझ्या जागी आलेली मुलगी चांगली होती, उत्साही, केसांची लांबसडक वेणी. तिला मी दोन दिवस चार्ज देत होते. औषधांची यादी, जन्माचं रजिस्टर, कोणाच्या घरी कुत्रं चावतं, सगळं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मागच्या खोलीत रजिस्टरं पसरून बसलो होतो आणि मागचं दार वाजलं.

काका उंबऱ्यात आले आणि तिला पाहून थबकले. टोपली कमरेलाच राहिली, वर पळसाची पानं तशीच.

मुलगी हसून म्हणाली, "या ना काका! मासे का? किती मिळाले?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात टोपलीवर गेला.

"दोन," ते म्हणाले.

"अरे वा," ती म्हणाली.

 बहुतेक मला काही बोलायचं होतं, त्यांनाही असेल. पण उंबऱ्यातून तसं बोलता येत नाही. "येतो बाई," म्हणाले आणि नेहमीच्या वाटेनं गेले.

मी वही ओढून घेतली आणि उजव्या पानावर आकडा लिहिला. मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला वाटलं, मी चुकले.

"बाई, ते दोन म्हणाले," ती म्हणाली.

मी ते शून्य तसंच ठेवलं, वही मिटली आणि ट्रंकेत घातली.